कळपावास

जनार्दन पिंगळीकरांनी आयुष्याची चौतीस वर्षं परभणीला जिल्हा परिषदेत आवक-जावकच्या टेबलावर काढली होती. त्यातून त्यांचं एक पक्कं मत झालं होतं, की ज्याला आवक क्रमांक नाही ते जगात आलेलंच नाही. मुलाच्या, निषादच्या, जन्माचा दाखलासुद्धा त्यांनी आधी रजिस्टरला चढवला आणि मग घरी नेला, असं हेमलताबाई सांगत. त्या थोडं वाढवून सांगत, पण फार नाही.

निवृत्तीनंतर दोघं निषादकडे सूसला राहायला आली. सातव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. एका बेडरूममध्ये निषादचं ऑफिस, दुसऱ्या बेडरूममध्ये सुनेचं, म्हणजे अपेक्षाचं, ऑफिस आणि हॉलमध्ये दोन्ही ऑफिसांचं वायफाय. जनार्दनरावांचा आवाज मात्र खिडकीपलीकडच्या रांगेतल्या शेवटच्या माणसासाठी घडलेला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हॉलमधून "माझी कवळी कुठं ठेवलीस?" असं हेमलताबाईंना विचारलं आणि ते अमेरिकेत ऐकू गेलं. तिकडच्या एका सद्गृहस्थांनी काय झालं म्हणून आस्थेने विचारलंही. निषाद बाहेर आला आणि अगदी हळू म्हणाला, "बाबा, कॉल चालू आहे."

मुलगा गुणी होता. कधी चिडला नाही. पण हे वाक्य दिवसातून आठ-दहा वेळा इतक्या प्रेमाने कानावर पडू लागलं, की जनार्दनराव स्वतःच्या घरात चवड्यांवर चालायला लागले. मग एके दिवशी ते चालत चालत बागेत पोहोचले आणि तिथलेच झाले.

बाग होती दीड एकराची, टेकडीच्या उतारावर. गाव महापालिकेत गेलं त्यानंतर ती आकाराला आली. धावपट्टी होती, तोंड उघडून कचरा मागणारे सिमेंटचे ससे होते, 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी होती आणि हिरवळ यायची होती. कोपऱ्यात एक लांबोडकी दगडी इमारत. मंगलोरी कौलं, पुढे ओसरी, ओसरीला सागवानी खांब. समोर एक लांबरुंद खड्डा, अर्धा मातीने बुजलेला. इमारतीच्या एका भागात माळ्याचे पाइप आणि खुरपी, दुसऱ्या भागात कॅरम. सात जिल्ह्यांतून पोरांमागे आलेले सात पेन्शनर तिथे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बसत. तिथे ओरडता येई. राणी घेतल्यावर तर ओरडावंच लागे. जनार्दनरावांची खिडकीशेजारची एक खुर्चीसुद्धा ठरलेली होती.

बाहेर पायरीवर एक म्हातारा बसलेला असे. डोक्याला मुंडासं, हातात काठी. तो गावातला बहिरू. ही जमीन पूर्वी त्याची होती एवढं सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याहून जास्त कुणी विचारलं नव्हतं. आत जाताना "काय बहिरूदादा" म्हणायचं, त्याने "व्हय" म्हणायचं, की सकाळ झाली.

मार्गशीर्षात एका सोमवारी उद्यान खात्याचा तरुण इंजिनिअर अमोघ टेप घेऊन आला आणि त्याने इमारतीभोवती चुन्याची रेघ मारली.

"इथे म्युझिकल फाउंटन येणार, काका," तो म्हणाला. "चार गाण्यांवर उडतं."

"आणि ही खोली?"

"पाडायची. त्याशिवाय पाइप कुठून नेणार?"

जनार्दनरावांच्या डोळ्यांपुढे सातवा मजला आला, हॉल आला, चवडे आले. "अहो, जुनी इमारत आहे ही," ते म्हणाले.

"जुनी असेल तर प्रश्न वेगळा. काही हिस्टरी असेल तर द्या लिहून. पंधरा दिवसांत. दीडशे शब्द पुरे, मोठं कुणी वाचत नाही."

कॅरमवाल्यांनी एकमताने हे काम जनार्दनरावांवर टाकलं, कारण ते मराठी घेऊन बी.ए. होते आणि त्या दिवशी हरत होते. त्यांनी वही काढली, पहिल्या पानावर 'आवक क्र. १' लिहिलं आणि बाहेर पायरीवर येऊन बसले. एवढ्या महिन्यांत त्या पायरीवर ते पहिल्यांदाच बसत होते. दगड चांगला ऊबदार होता.

"बहिरूदादा, या इमारतीला गावात काय म्हणतात हो?"

बहिरूने त्यांच्याकडे पाहिलं, मग वहीकडे पाहिलं. "कलपौस," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हंजी हेच की. ह्येला कलपौस म्हन्त्यात."

शब्द घेऊन जनार्दनराव घरी निघाले. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याच्या आसपास तो शब्द फुटला. कळप अधिक आवास. कळपावास. त्याचा झाला कळपौस, आणि ळचा ल होऊन कलपौस. गुराढोरांच्या कळपांची उतरण्याची जागा. सातव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "ळचा ल झालाय."

"बाबा, कॉल," आतून आवाज आला.

"कुणाचा काय झालाय?" हेमलताबाईंनी कुजबुजत विचारलं. जनार्दनरावांनीही कुजबुजत सगळं सांगितलं. "आधी कुणाला तरी विचारा," बाई म्हणाल्या. "तुम्ही परभणीत 'पिंगळी' या गावाच्या नावाचा अर्थ काढला होता तेव्हा सरपंच घरी आला होता."

म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी रीतसर विचारलं. बहिरूने सगळ्या प्रश्नांना खरी उत्तरं दिली. नंतर वही पुन्हा पाहिली तेव्हा जनार्दनरावांना हे कबूल करावं लागलं, की त्या माणसाने एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं.

"इथे पूर्वी जनावरं यायची?"

"यायची की. समदीकडं गुरंच व्हती."

"लांबून लोक उतरायला यायचे?"

"लई लांबनं. ममईवरनं यायचे."

जनार्दनरावांनी लिहिलं: कोकण-घाटमार्गे येणारे तांडे.

"आणि हा खड्डा? एकीकडे उथळ, एकीकडे खोल, उतरायला पायऱ्या. हौद का?"

"हौदच म्हना. पानी भरायला क्येला हुता."

"जनावरं उतरत?"

"म्हशी उतरायच्या. मी हाकलायचो."

त्यांनी खड्ड्याच्या कडेची माती बोटाने उकरली. खाली निळी, गुळगुळीत, चौकोनी फरशी लागली. इतकी सुबक कारागिरी पाहून त्यांचं मन भरून आलं. त्यांनी लिहिलं: नील काचमण्यांचा हौद. मग त्यांचं लक्ष बहिरूच्या काठीकडे गेलं. शेंड्याला निमुळती, बुडाला जाड, अंगाने गुळगुळीत, मधोमध पितळी कडं आणि टोकाला चामड्याची गोल टिकली. असली काठी त्यांनी उभ्या मराठवाड्यात पाहिली नव्हती.

"ही वाडवडिलांची?"

"न्हाई. हितलीच हाय. हितंच घावली."

"आणि हे सगळं बांधलं कधी?"

बहिरूने टेकडीकडे पाहिलं. "साल न्हाई सांगता यायचं. पर आमची गौतमी नुकती झाली व्हती."

"गौतमी," जनार्दनराव हळूच म्हणाले. गायीला इतकं सुंदर नाव ठेवणारी माणसं आता राहिली नाहीत, असं त्यांना वाटलं. "चांगली होती?"

"लई गुनी. अजून हाय की."

हे वाक्य त्यांनी बहिरूच्या भाबड्या श्रद्धेच्या खात्यात टाकलं.

दीडशे शब्दांचे एकशे ऐंशी झाले, पण अमोघने चालवून घेतले. पंधरा दिवसांनी ओसरीसमोर पितळी रंगाचा फलक लागला. 'प्राचीन कळपावास' असा मथळा. खाली घाटमार्ग, तांडे, नील काचमण्यांचा हौद, गुराख्यांची परंपरागत चर्मटोकी काठी, आणि शेवटी: 'येथील गौतमी नामक गायीची स्मृती ग्रामस्थ आजही श्रद्धेने जपतात.' जनार्दनरावांनी फलकाचा फोटो काढून निषादला पाठवला. निषादने अंगठा पाठवला. हेमलताबाई स्वतः येऊन वाचून गेल्या. "शुद्धलेखन चांगलं आहे," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सात पेन्शनर आले तेव्हा दाराला नवं कुलूप होतं. कॅरम ओसरीत भिंतीला टेकवून ठेवला होता, सोंगट्यांचा डबा त्याच्या पायाशी.

अमोघ आनंदात होता. "काका, काम झालं. फाउंटन तिकडे सरकवला. ही आता वारसा वास्तू म्हणून जपायची. आत दोन फायबरच्या गायी बसवतोय, एक बसलेली, एक उभी."

"आणि आम्ही?"

"तुम्ही काचेतून बघू शकता."

"अहो, कॅरम?"

"काका, तुम्हीच लिहिलंय ना, गुरांची जागा आहे म्हणून. वारसा वास्तूत मूळ वापर बदलता येत नाही. माणसांना बसवलं तर माझ्यावर शेरा येईल."

चौतीस वर्षांत जनार्दनरावांनी अनेक माणसांना अगदी याच सुरात परत पाठवलं होतं. त्यामुळे त्यांना वाद घालता येईना. बाकीचे सहा जण त्यांच्याकडे पाहत होते. त्यांतल्या सोलापूरच्यांनी सोंगट्यांचा डबा उचलला, छातीशी धरला आणि ते घराकडे चालू लागले.

जनार्दनराव पायरीवर बहिरूच्या शेजारी बसले. घरी अकराचा कॉल असे.

तेवढ्यात फाटकातून एक म्हातारी आली. ठेंगणी, नऊवारी, हातात मोबाइल. चालणं असं की सिमेंटच्या सशांनीही तोंड मिटावं.

"माझ्या लेकीला गाय कुनी क्येली?" तिने विचारलं.

बहिरू काठीकडे पाहू लागला. ही त्याची बायको, सारजाबाई. पाठोपाठ जनार्दनरावांच्या लक्षात आलं, की तिच्या हातातल्या मोबाइलमध्ये फलकाचा फोटो आहे.

"गौतमी पिरंगुटाला बँकेत हाय," सारजाबाई म्हणाली. "हापिसर. तिच्या सायबानं तिला फोटू दावला. इचारतोय, ह्यी तूच का. लेकरू रडायलंय का हसायलंय, फोनवर कळंना."

"किती वर्षांची आहे?" जनार्दनरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

"सत्तावीस. मग काय पाचशे?"

"म्हणजे ही इमारत..."

"तिच्या बारशानंतर म्हैन्याभरात उभी ऱ्हायली. ममईचा बिल्डर आला हुता. बंगले बांधनार, ममईवाले शनवार-रैवारी येनार. आधी क्लब हाऊस बांधलं, कागदावर फोटू छापाया. कोन तरी म्हनला जुनं दिसू द्या, जुन्याला गिऱ्हाईक येतंय. म्हनून दगड लावला. ममईचं गिऱ्हाईक जागा बघाया यायचं, हितंच उतरायचं. बंगले काय झालं न्हाईत. बिल्डर ग्येला, क्लब हाऊस ऱ्हायलं."

क्लब हाऊस. जनार्दनरावांनी मनातल्या मनात तो शब्द चार वेळा भराभर म्हटला. पाचव्या वेळी तो आपोआप कलपौस झाला.

"आणि हौद?"

"पवायचा तलाव. एक दीस बी पानी न्हाई भरलं. पावसाचं साचायचं त्यात म्हशी बसायच्या. आन् आत गोट्या ढकलायचं हिरवं टेबल हुतं, त्येचं कापड लोकांनी कापून बेंदराला बैलांच्या झुली क्येल्या. दुसरं एक टेबल हुतं, मधी जाळी बांधल्यालं. त्येच्यावर आमी बायकांनी धा वर्सं कुरडया वाळत घातल्या. अंगनवाडी हितंच भरायची. गावात लगीन आसलं की नवऱ्याकडच्यांचा जानोसा हितं. डोसबी हितंच पाजायचे पोरांना. आन् तुमी," ती नवऱ्याकडे वळली, "तुमच्या हातात ती बिल्डराची गोट्या ढकलायची काठी हाय, ती सांगायची न्हाई व्हय?"

"त्येंनी इचारलं न्हाई," बहिरू म्हणाला.

"बहिरूदादा," जनार्दनराव म्हणाले, "मी विचारलं होतं. कलपौस म्हणजे काय, असं पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

बहिरूने काठीची चामड्याची टिकली अंगठ्याने पुसली.

"आता तुमी शिकल्याली मानसं. तुमच्यात क्लब म्हंजी काय आसंल ते आसंल. हितं क्लब म्हंजी पत्त्यांचा. पोलीस येत्यात, मानसं मागल्या दारानं पळत्यात. मी हितं राखनदार व्हतो. हिच्या म्हायेरचे इचारायचे, जावई काय करतुया. तर म्हनं, क्लबात हाय. दोन वर्सं ही म्हायेरला ग्येली न्हाई. म्हनून आमी त्येचं कलपौस क्येलं. कलपौस म्हनलं की कुनालाच काय कळत न्हाई. तुमी त्यात गुरं घातली. म्हनलं, बरं झालं. गुरं चांगली."

जनार्दनरावांनी फक्त एवढंच विचारलं, की बिल्डरने जाताना काही कागद दिला होता का. माणसाची सवय.

सारजाबाई घरी गेली आणि साखरेच्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले दोन कागद घेऊन आली. एक होता ग्रामपंचायतीला इमारत ताब्यात दिल्याचा. 'सदर क्लब हाऊस ग्रामस्थ व रहिवासी यांच्या करमणुकीसाठी व बैठ्या खेळांसाठीच वापरावे, अन्य वापर करू नये.' खाली गोल शिक्का, आणि शिक्क्याच्या पोटात निळ्या शाईत आवक क्रमांक ४१७. जनार्दनरावांनी त्या आकड्यावरून बोट फिरवलं. गेल्या महिन्याभरात हाती आलेली ही पहिलीच गोष्ट होती जी जगात खरोखर आली होती.

बैठ्या खेळांसाठीच. हा कागद दाखवला तर कुलूप निघेल. पण दाखवायचा तर फलकावरचं सगळं चूक आहे हेही सांगावं लागणार. इतिहासकार म्हणून सोसायटीच्या लिफ्टमध्ये त्यांना कालपासून लोक आधी जाऊ देत होते. आणि वारसा गेल्यावर अमोघ पुन्हा चुन्याची रेघ मारणार नाही याचीही खात्री नव्हती. त्यांनी घड्याळ पाहिलं. अकराला दहा कमी होते. ते उठले.

अमोघ फाटकाशी टेम्पोतून फायबरची गाय उतरवून घेत होता. बसलेली.

"साहेब," जनार्दनराव म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खिडकीपर्यंतच पोहोचेल इतका झाला. "मी लिहिलेलं सगळं चूक आहे. ही इमारत सत्तावीस वर्षांची आहे. तो पोहण्याचा तलाव आहे. गौतमी बँकेत अधिकारी आहे."

अमोघने गाय खाली ठेवली. कागद दोनदा वाचला. जनार्दनरावांना वाटलं होतं की तो रागावेल. पण त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सुटकेचा भाव पसरू लागला.

"क्लब हाऊस आहे हे?" तो म्हणाला. "अहो, मग हे सुविधा क्षेत्रात येतं. वारशाची फाइल कशी करतात हे मला काय, आमच्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं. सुविधेचा फॉर्म माझ्याकडे आहे." आणि मग, "पाडताही येणार नाही आता. अटीच तशा आहेत. फाउंटन... तो तलाव आयता आहे की. त्यातच बसेल."

"पानी भरनार?" सारजाबाईने विचारलं.

"भरावंच लागेल."

"एकदाचं," ती म्हणाली.

कुलूप निघालं, कॅरम आत गेला. फलक उतरवून नव्या मजकुरासाठी पाठवायचं ठरलं. त्यात अंगणवाडी, जानोसा आणि कुरडया घालायच्या, आणि मजकूर आधी सारजाबाईला वाचून दाखवायचा, हेही ठरलं. फायबरच्या गायीला परत नेणारं कुणी नसल्याने तिला सशांच्या शेजारी बसवलं. सोलापूरकरांना फोन गेला. ते डब्यासकट पंधरा मिनिटांत हजर झाले, म्हणजे फार लांब गेले नसावेत. डबा आत कॅरमवर गेला.

सगळे ओसरीत जमले तेव्हा अमोघ दुसरा कागद वाचत उभा होता. तो कागद नव्हता, पिवळं पडलेलं जाड कार्ड होतं. जाहिरातीत फोटो छापायला बिल्डरला एक सभासद हवा होता, तेव्हा जवळ असलेल्या माणसाचं त्याने केलेलं कार्ड. त्यावर होतं, 'आजीव सभासद क्र. १, बहिरू गेणबा'. आडनावाला जागा पुरली नव्हती. मागच्या बाजूला नियम. त्यातला दुसरा अमोघने मोठ्याने वाचला: "नवीन सभासदास विद्यमान सभासदाची शिफारस आवश्यक राहील."

"विद्यमान सभासद किती आहेत?" सोलापूरकरांनी विचारलं.

सगळ्यांनी पायरीकडे पाहिलं.

जनार्दनरावांनी वही काढली, एक पान फाडलं आणि उभ्या उभ्याच अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय. दोन्ही हातांनी तो बहिरूपुढे धरला. बहिरूने तो उलटा धरून वरपासून खालपर्यंत पाहिला.

"आवक नंबर न्हाई," तो म्हणाला.

जनार्दनरावांनी नंबर टाकला. "मंजूर समजू ना, बहिरूदादा?"

"आज कसं? मिटिंग घ्यावी लागंल."

"तुम्ही एकटेच सभासद आहात."

"म्हंजी समदे हजर हायेत. पर इचार कराया येळ लागतुया." तो काठीवर जोर देऊन उठला. "कॅरमात चोरी करता न्हवं तुमी? खिडकीतनं दिसतंय मला. रानी पडल्यावर बोटानं सोंगटी सरकवता."

"क्वचित," जनार्दनराव म्हणाले.

"त्येबी मिटिंगीत घ्यावं लागंल."

बहिरू आत गेला. इतकी वर्षं त्याने या दाराला कुलूप लावलं, उघडलं, नवऱ्याकडच्या मंडळींना आत सोडलं, म्हशींना बाहेर काढलं. पण आत जाऊन बसण्याचा प्रसंग आला नव्हता. त्याने खोलीभर पाहिलं आणि बरोबर खिडकीशेजारची खुर्ची निवडली. काठी मांडीवर आडवी घेतली. सारजाबाई मागोमाग गेली आणि कॅरमवर हात फिरवून म्हणाली, की कुरडयांना हे ल्हान पडंल.

सात पेन्शनर पायऱ्यांवर ओळीने बसले. ऊन छान पडलं होतं. आतून बराच वेळ काहीच आवाज आला नाही, आणि मग सोंगट्या फुटल्याचा आला.

जनार्दनरावांचा मोबाइल वाजला. निषाद होता. "बाबा, अहो कुठे आहात? आई विचारतेय, जेवायला कधी येताय?"

जनार्दनरावांनी फोनवर हात आडवा धरला.

"हळू बोल," ते म्हणाले. "मिटिंग चालू आहे."